गुप्त रोग, उघड नफा

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध नियामक संस्थेने परमा या रोगावरील, पोटात घेण्याच्या दोन नव्या औषधांना मान्यता दिली. ज्या रोगाचे नाव सभ्य घरात मोठ्याने उच्चारले जात नाही, त्याविषयीची ही बातमी बहुतेकांच्या नजरेतून निसटली असणार. राजकीय कार्यकर्त्याने तिची दखल घ्यावी असे तिच्यात काय आहे, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की या बातमीत आनंदापेक्षा इशारा मोठा आहे. ऐंशी वर्षांपूर्वी पेनिसिलीनने हमखास बरा होणाऱ्या या रोगावर खात्रीने चालेल असे जेमतेम एकच औषध जगाच्या हाती उरले होते आणि तेही निसटू लागले होते. म्हणून नव्यांचा शोध घ्यावा लागला. एक औषध उधळून संपवायचे आणि मग दुसऱ्याची वाट पाहायची, हा क्रम गेली आठ दशके अखंड चालू आहे. त्याची कारणे जंतूच्या स्वभावात जितकी आहेत तितकीच औषधांच्या बाजारात आहेत, आणि म्हणून तो समाजवादी चळवळीच्या विचाराचा विषय आहे.

हा प्रश्न महानगरांतील वस्त्यांचा आहे, असा एक सोयीस्कर समज आहे. तो बाजूला ठेवून मालवण तालुक्यातील तोंडवलीचे उदाहरण घ्यावे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मध्ये माडांनी भरलेली वाळूची पट्टी, अशा या तोंडवली-तळाशीलच्या किनाऱ्यावर माणसांचा जीवनक्रम पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करण्याचा आहे. घरटी एक-दोन माणसे मुंबईला चाकरमानी; बोटींवरील खलाशी हंगामापुरते घर सोडणारे; आणि अलीकडे पर्यटकांची वर्दळ. तोंडवलीचे नाव येथे घेतले ते त्या गावात हा रोग अधिक आहे म्हणून नव्हे. तसे मानण्यास कसलाही आधार नाही. ते घेतले ते दोन कारणांसाठी. मोठ्या प्रयोगशाळांपासून दूर असलेल्या, श्रमावर जगणाऱ्या हजारो गावांपैकी ते एक आहे, हे पहिले. आणि सर्वांच्या मालकीची संपत्ती मूठभरांच्या हव्यासाने कशी संपते, हे अर्थशास्त्राचे पुस्तक न उघडता या किनाऱ्यावरील माणसाला कळते, हे दुसरे.

रापण ओढणाऱ्यांना समुद्राचा कायदा ठाऊक असतो. जाळे एकाचे नसते, ओढणारे अनेक असतात आणि आलेल्या मासळीचे वाटे होतात. पावसाळ्यात मासळीच्या विणीचा काळ म्हणून होड्या वर ओढल्या जातात. हा संयम एकट्याने पाळून उपयोगी पडत नाही. तो सर्वांनी पाळावा लागतो. पर्ससीन जाळ्यांची यांत्रिक मासेमारी वाढली तेव्हा हा तोल बिघडला. एकेका पर्ससीनधारकाच्या हिशेबात नफा स्पष्ट दिसत होता. तोटा मात्र सगळ्या किनाऱ्याच्या माथी विखुरला जात होता. पारंपरिक मच्छीमारांनी संघर्ष केला, सोमवंशी समितीचा अहवाल आला आणि ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारला पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढावा लागला. त्याची अंमलबजावणी कशी झाली हा वेगळा विषय आहे. पण तत्त्व मान्य झाले. प्रतिजैविक औषधांची गुणकारकता ही अशीच सामाईक संपत्ती आहे. गोळी एकट्याची असते, पण तिची परिणामकारकता साऱ्या समाजाची असते. अनावश्यक विकलेली प्रत्येक गोळी विकणाऱ्याला नफा देते, घेणाऱ्याला समाधान देते आणि सर्वांच्या ठेव्यातून थोडे काढून नेते.

परम्याच्या जंतूच्या बाबतीत हा ठेवा कसा संपत गेला, याचा इतिहास बोलका आहे. नायसर या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये हा जंतू दाखवून दिला. १९३० नंतरच्या दशकात सल्फा औषधे आली आणि रोग आटोक्यात आल्यासारखा वाटला. दहा वर्षांच्या आतच जंतू त्यांना जुमानेनासा झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलीन आले. आरंभी त्याची अल्प मात्रा पुरत असे. पुढे ती वाढवत न्यावी लागली, आणि १९७६ मध्ये पेनिसिलीनचे विघटन करून टाकणारा जंतूच आढळला. टेट्रासायक्लीनची गत १९८० नंतरच्या दशकात तीच झाली. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले आणि आज ते जवळजवळ सर्वत्र कुचकामी ठरले आहे. त्यानंतर सेफिक्झिम आणि सेफ्ट्रिॲक्सोन ही एकाच कुळातील औषधे उरली. जपानमधील क्योटो येथे २००९ मध्ये एका रुग्णाकडून मिळालेला जंतू सेफ्ट्रिॲक्सोनलाही दाद देईना. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, तिच्या देखरेखीतील देशांत २०२२ ते २०२४ या अवघ्या दोन वर्षांत सेफ्ट्रिॲक्सोनला न जुमानणाऱ्या जंतूंचे प्रमाण ०.८ टक्क्यावरून ५ टक्क्यांवर आणि सेफिक्झिमच्या बाबतीत १.७ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर गेले. सर्वाधिक प्रमाण कंबोडिया आणि व्हिएतनाम येथे आढळले. पण जंतूला पारपत्र लागत नाही. २०२० या एका वर्षात जगात परम्याची सुमारे ८ कोटी २० लाख नवी प्रकरणे झाली, असा याच संघटनेचा अंदाज आहे.

जंतू इतक्या झपाट्याने कसा बदलतो, याचे उत्तर समजून घेणे आवश्यक आहे. कारण त्यातच या प्रश्नाची सामाजिक बाजू दडलेली आहे. परम्याचा जंतू घशातही राहू शकतो. तेथे त्याचेच निरुपद्रवी भाऊबंद असलेले जंतू निरोगी माणसांतही वस्तीला असतात. माणूस पडशा-खोकल्यासाठी म्हणून प्रतिजैविक घेतो, तेव्हा पडशाच्या विषाणूवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही. पण घशातील हे निरुपद्रवी जंतू औषधाला सरावतात. परम्याच्या जंतूला त्यांच्याकडून हा प्रतिकाराचा वारसा उचलता येतो. याचा अर्थ असा, की ज्याला हा रोग कधी झाला नाही आणि होणारही नाही, अशा माणसाने विनाकारण घेतलेली गोळीही या रोगावरील औषध निकामी करण्यास हातभार लावते. तेव्हा हा प्रश्न ‘वाईट चालीच्या’ माणसांपुरता आहे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही.

आता भारतातील बाजाराकडे पाहावे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात लैंगिक संसर्गाच्या रुग्णांना लक्षणांनुसार रंगीत संच विनामूल्य देण्याची पद्धत आहे. मूत्रमार्गातून स्राव होत असल्यास द्यावयाचा करड्या रंगाचा संच दोन औषधांचा आहे: ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. आणि २०१९ मधील खासगी बाजारातील विक्रीचा जो अभ्यास २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यानुसार देशात सर्वाधिक खपलेले प्रतिजैविक होते ॲझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी, आणि त्याखालोखाल सेफिक्झिमची २०० मिलिग्रॅमची गोळी. म्हणजे सरकार ज्या दोन औषधांवर हा रोग बरा करण्याची भिस्त ठेवते, नेमकी तीच दोन औषधे खासगी बाजार सर्दी, खोकला, ताप, जुलाब अशा कोणत्याही तक्रारीवर सढळ हाताने वाटून टाकतो. त्याच अभ्यासात असेही दिसले, की खपलेल्या प्रतिजैविकांपैकी जवळजवळ निम्मा वाटा केंद्रीय नियामकाची मान्यताच नसलेल्या उत्पादनांचा होता. एका हाताने विहीर खणायची आणि दुसऱ्या हाताने तिच्यात माती लोटायची, अशातला हा प्रकार आहे.

कायदे नाहीत असे नव्हे. औषधविषयक नियमांत २०१३ मध्ये ‘एच-१’ ही नवी अनुसूची घालण्यात आली. सेफिक्झिम आणि सेफ्ट्रिॲक्सोन यांसारखी औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत आणि विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवावी, असे ती सांगते. गुप्तरोगांवरील उपचारांच्या जाहिरातींना तर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. तरीही एसटी स्थानकांच्या भिंतींवर आणि लोहमार्गालगतच्या कुंपणांवर ‘गुप्तरोगावर खात्रीचा इलाज’ सांगणाऱ्या पाट्या रंगवलेल्या दिसतात. कायदा कागदावर राहतो याचे कारण केवळ निरीक्षकांची कमतरता हे नाही. या व्यापाराचा खरा आधार रुग्णाची लाज हा आहे. तोंडवलीसारख्या गावातील एखाद्या तरुण खलाशाला लघवीला जळजळ आणि स्राव सुरू झाला, अशी कल्पना करावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, तर तेथील परिचारिका गावचीच, रांगेतील माणसे वाडीचीच. मग तो तालुक्याच्या ठिकाणी, ओळखीचे कोणी नसलेल्या दुकानात जातो आणि हलक्या आवाजात गोळ्या मागतो. पैसे असतील तेवढ्या गोळ्या मिळतात. दोन दिवसांत जळजळ थांबते, उरलेल्या गोळ्या खिशात राहतात. रोग मेला की दबला, हे कोणी पाहत नाही. दबलेला जंतू आता औषध ओळखू लागलेला असतो. लाज आणि नफा यांची ही भागीदारी आहे. एक गिऱ्हाईक आणते, दुसरा माल विकतो.

या भागीदारीची सर्वांत मोठी किंमत स्त्री देते. पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगने डिसेंबर १९४५ मधील नोबेल व्याख्यानात एक काल्पनिक गृहस्थ उभा केला होता. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच पेनिसिलीन विकत आणतो, अपुरे घेतो, स्वतः बरा होतो; पण त्याच्या शरीरात औषधाला सरावलेला जंतू पत्नीकडे जातो, आणि ती मात्र औषध असूनही दगावते. परम्याच्या बाबतीत हे कल्पनाचित्र अधिकच लागू पडते. पुरुषाला बहुधा लक्षणे दिसतात. स्त्रीला पुष्कळदा दिसतच नाहीत. न कळत संसर्ग गर्भाशयाकडे आणि बीजवाहिन्यांकडे सरकतो. ओटीपोटात कायमचे दुखणे, गर्भ भलत्या जागी राहणे, वंध्यत्व, बाळंतपणात अर्भकाच्या डोळ्यांना संसर्ग होऊन दृष्टी जाणे, असे त्याचे परिणाम आहेत. आणि मूल होत नाही म्हणून ‘वांझ’ हा शब्द ऐकावा लागतो तो तिलाच. ज्याच्याकडून रोग आला त्याला दुसरे लग्न सुचवले जाते.

हे चित्र अतिरंजित वाटत असेल, तर गडचिरोलीचा अनुभव आठवावा. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार होते. सरासरीने एकेकीला ३.६ आजार. निम्मे आजार संसर्गाचे होते. आणि याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात आठही नव्हत्या. त्यातील सर्वच संसर्ग लैंगिक संबंधातून आलेले नव्हते, हे खरे. परंतु स्त्रिया मुकाट्याने सोसतात म्हणून व्यवस्थेला दुखणे दिसत नाही, हे सत्य त्या अभ्यासाने जगापुढे ठेवले. कोकणातील स्त्रीला हे मुकेपण अपरिचित नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला, तोपर्यंतच्या कितीतरी पिढ्यांत कोकणातला पुरुष गाळ्यात आणि खानावळीच्या आधाराने राहत होता, आणि बाई गावी मनिऑर्डरची वाट पाहत होती. भांडवलाला कामगार हवा होता, त्याचे कुटुंब नको होते. कुटुंबे अशी वर्षानुवर्षे तोडून ठेवणाऱ्या अर्थव्यवस्थेने पुढे माणसाच्या नीतीवर प्रवचन करावे, यासारखा ढोंगीपणा दुसरा नाही. आज गिरण्या गेल्या. पण बोटीवरचा खलाशी, बांधकामावरचा मजूर आणि ट्रकचालक त्याच अटीवर राबतो आहे.

रोगाचे खापर दुसऱ्याच्या माथी फोडण्याची रीत जुनी आहे. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात उपदंशासारख्या नव्या रोगाला ‘फिरंग रोग’ असे नाव मिळाले. रोग पोर्तुगीजांकडून आला हे त्या नावातच सांगितले होते. पुढे इंग्रज सरकारने १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा करून वेश्यांची सक्तीने नोंदणी आणि तपासणी सुरू केली. गिऱ्हाईक असलेल्या पुरुषांना मात्र तो कायदा हात लावत नव्हता. सक्तीपायी स्त्रिया लपल्या, रोग हटला नाही, आणि १८८८ मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. याउलट मार्ग महाराष्ट्रात एका गणिताच्या प्राध्यापकाने दाखवला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तक लिहिले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. नोकरी गेली, खटले झाले. १९३४ मधील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. रोगाला पाप न मानता रोग मानावे, एवढेच कर्वे सांगत होते. सांगलीत ‘संग्राम’ संस्था आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद यांनी १९९० नंतरच्या दशकात हेच सूत्र पुढे नेले; ज्या स्त्रियांकडे केवळ रोगाचे उगमस्थान म्हणून पाहिले जात होते, त्याच आरोग्याच्या कार्यकर्त्या झाल्या.

लाज कमी झाली आणि रुग्ण सरकारी दवाखान्यात पोचला, तरी प्रश्न संपत नाही. जिल्हा रुग्णालयांतून ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाची केंद्रे आहेत आणि तेथे उपचार विनामूल्य व गोपनीय असतात, ही जमेची बाजू. पण संच देण्याची पद्धत लक्षणांवर आधारलेली आहे. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी ती नाइलाजाची सोय म्हणून स्वीकारली गेली, आणि नाइलाजच धोरण होऊन बसला. लक्षणे नसलेली स्त्री या पद्धतीच्या जाळ्यात सापडतच नाही. आणि जिला स्राव आहे तिला पुष्कळदा गरज नसलेली औषधे मिळतात. कोणत्या औषधाला जंतू दाद देतो, हे ठरवायचे तर नमुना घेऊन प्रयोगशाळेत जंतू वाढवावा लागतो, आणि हा जंतू इतका नाजूक की नमुना वेळेत पोचला नाही तर तो मरतो. अशी संदर्भ-केंद्रे देशभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. महाराष्ट्रातील केंद्र नागपूरला, म्हणजे मालवणच्या दृष्टीने राज्याच्या दुसऱ्या टोकाला. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये अस्तित्वात आला. तरी मोठ्या दुखण्याला गोव्यातील बांबोळी गाठायची, हीच वर्षानुवर्षे तेथील लोकांची वाट राहिली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते गाठले गेले नाही. जंतू मात्र पंचवार्षिक उद्दिष्टांची वाट पाहत नाही.

याच महाराष्ट्राने एकेकाळी वेगळी दिशा दाखवली होती. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले साहिबसिंग सोखी यांनी औषधनिर्मिती सार्वजनिक क्षेत्रात असावी, असा आग्रह धरला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला आणि पुढल्या वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. १९७० च्या पेटंट कायद्याने आणि १९७५ मधील हाथी समितीच्या अहवालाने स्वस्त व आवश्यक औषधांच्या धोरणाला बळ दिले. त्यानंतरची उतरण सर्वांना ठाऊक आहे. आयात खुली झाली, चीनमधील स्वस्त मालापुढे भारतातील पेनिसिलीनचे कारखाने बंद पडले, आणि २०१६ मध्ये तर केंद्रीय मंत्रिमंडळाने पिंपरीच्या कारखान्याची जमीन विकण्याचा विचार पुढे रेटला. गंमत अशी, की उपदंशाचा जंतू आजही पेनिसिलीनला पूर्वीइतकाच शरण जातो. गर्भवतीकडून अर्भकाकडे जाणारा उपदंश रोखण्यासाठी बेन्झाथिन पेनिसिलीनला पर्याय नाही. पण ते इतके स्वस्त आहे की त्यात नफा नाही, आणि नफा नाही म्हणून उत्पादक थोडे. २०१५ च्या आसपास ब्राझीलसह अनेक देशांत त्याचा तुटवडा पडला. आता २०२४ मध्ये काकिनाड्याजवळ सरकारी प्रोत्साहन-योजनेखाली एका खासगी कारखान्यात पेनिसिलीनचे मूलद्रव्य पुन्हा बनू लागले. जे सार्वजनिक मालकीचे होते ते मोडायचे आणि मग खासगी मालकाला सार्वजनिक पैसा देऊन तेच उभे करायचे, या व्यवहाराला सुधारणा म्हणण्याची चाल पडली आहे.

बाजाराची मर्यादा नव्या औषधांच्या बाबतीत अधिकच उघडी पडते. प्रतिजैविक थोडे दिवस घ्यायचे असते, आणि नवे असेल तर ते शक्य तितके राखून वापरायचे असते. जो माल कमी विकला जाणे हेच समाजाच्या हिताचे, तो माल तयार करण्यात भांडवलाला रस कसा असणार? ॲकाओजेन या अमेरिकन कंपनीच्या नव्या प्रतिजैविकाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. आरंभी उल्लेखिलेल्या दोन औषधांपैकी झोलिफ्लोडॅसिनची कथा या पार्श्वभूमीवर महत्त्वाची आहे. त्याच्या अखेरच्या टप्प्यातील चाचणीची धुरा जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘गार्डपी’ या ना-नफा संस्थेने वाहिली. कमी उत्पन्नाच्या सर्व आणि मध्यम उत्पन्नाच्या बहुतेक देशांत ते उपलब्ध करण्याचे हक्कही तिच्याकडे आहेत. नफ्याच्या प्रेरणेवाचून संशोधन होत नाही, असे सांगणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. परंतु उद्या हे औषध भारतात आले आणि ॲझिथ्रोमायसिनसारखेच प्रत्येक दुकानातून सर्दी-खोकल्याला मिळू लागले, तर दहा वर्षांनी त्याचीही गणना सल्फाच्या रांगेत होईल.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. चिठ्ठीवाचून औषध देऊ नये, असा नियम कडकपणे लादला तर गरिबाचे काय? डॉक्टर दूर, त्याची फी भारी. दुकानदार हाच गरिबाचा डॉक्टर आहे. आक्षेपात तथ्य आहे. दवाखान्याचे दार न उघडता दुकानाचे दार बंद करणे म्हणजे गरिबाला उपचारावाचून ठेवणे होय, आणि असा निर्बंध समाजवाद्यांनी मान्य करू नये. परंतु या आक्षेपाचा आधार घेऊन आजची बेबंद विक्री चालू ठेवणे हाही गरिबाशीच द्रोह आहे. कारण स्वस्त औषध निकामी झाले की महाग औषध परवडणारा तरतो आणि न परवडणारा बुडतो. केरळने २०१८ मध्ये राज्याचा कृती-आराखडा केला आणि २०२४ मध्ये चिठ्ठीवाचून होणाऱ्या विक्रीविरुद्ध मोहीम उघडली. ती तेथे शक्य झाली, कारण तेथील सार्वजनिक आरोग्य केंद्रे लोकांच्या वापरातली आहेत. निर्बंध आणि सेवा ही एकाच गाड्याची दोन चाके आहेत.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात जंतू-तपासणीची प्रयोगशाळा आणि तालुक्याहून तेथवर नमुने वेळेत नेण्याची व्यवस्था हवी. उपचार विनामूल्य, नाव गुप्त आणि जोडीदारालाही एकाच वेळी मिळावा. मासेमारी बंदरांवर, खलाशांच्या आणि मजुरांच्या कामाच्या वेळा पाहून संध्याकाळची केंद्रे चालावीत. गर्भवतीची उपदंशासाठी तपासणी चुकता कामा नये, आणि पेनिसिलीन कधीही संपता कामा नये; त्यासाठी पिंपरीचे सार्वजनिक उत्पादन विकण्याऐवजी उभारावे. ‘एच-१’ची नोंदवही तपासली जावी आणि कोणत्या तालुक्यात कोणते प्रतिजैविक किती खपले, हे आकडे लोकांना खुले असावेत. पर्ससीनचे किती परवाने दिले हे विचारण्याचा हक्क मच्छीमाराला आहे, तसाच हाही हक्क आहे.

यातील बरेचसे सरकारकडून मागावयाचे आहे. पण एक काम कार्यकर्त्यांनीच करावयाचे आहे. ‘सी-वर्ल्ड’ प्रकल्पासाठी जमीन जाणार म्हटल्यावर तोंडवली-वायंगणीचे ग्रामस्थ एकत्र आले. जमीन दिसते, तिची हद्द दाखवता येते. औषधाची झीज दिसत नाही, आणि जिथे दिसते तिथे तिच्यावर लाजेचे पांघरूण असते. या कोकणपट्टीने नाथ पै आणि मधु दंडवते यांना लोकसभेत पाठवले. कोणताही प्रश्न जनतेपुढे नीट मांडला तर ती समजून घेते, ही श्रद्धा त्या परंपरेची आहे. पक्षाच्या सभांतून भाव, वीज, रस्ता यांवर बोलताना कोणाची जीभ अडखळत नाही. या रोगाचे नाव घेताना अडखळते. कर्व्यांच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी ती अडखळावी, हे चळवळीला भूषणावह नाही. आशा कार्यकर्ती, आरोग्यसेविका, मच्छीमार सोसायटीचे सभासद आणि महिला मंडळे यांना बरोबर घेऊन वाडीवाडीत हा विषय सरळ शब्दांत बोलला गेला, तर दुकानात हलक्या आवाजात गोळ्या मागणाऱ्या त्या तरुणाला दवाखान्यात मोठ्या आवाजात बोलता येईल, आणि त्याच्या बायकोला न केलेल्या अपराधाची शिक्षा भोगावी लागणार नाही. नफ्याशी लढा दीर्घकाळ चालणार आहे. लाजेशी लढा या आठवड्याच्या सभेपासून सुरू करता येतो.